जनकाबाईची बाटली

मित्रांनो, मी सलाईनचा एक जुना स्टँड आहे. दवाखान्याच्या मागच्या व्हरांड्यात उभा असतो आणि माझ्या आकड्यांवर आता फरशी पुसायची फडकी वाळत घालतात. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. सांगायचे आहे ते वेगळेच.

माझा जन्म १९९४ साली हिंगोलीत, किसनसिंगच्या वेल्डिंगच्या दुकानात झाला. त्याने पोकळ नळी कापली, वर दोन आकडे जोडले आणि खाली पाय लावले. पांढरा रंग ओला असतानाच मला टेम्पोत टाकले, म्हणून माझ्या कमरेवर पोत्याची नक्षी उमटली. तिथून मी एका मोठ्या गावच्या सरकारी दवाखान्यात आलो.

तेव्हाचा माझा रुबाब काय सांगू! हळद शिजवण्याचे दिवस संपले की थकलेली माणसे यायची आणि ताकदीची बाटली चढवा म्हणून हटून बसायची. गोळीवर कोणाचा विश्वास नव्हता. शेजारच्याला लाल बाटली लागली आणि आपल्याला पांढरी, यावरून रुसलेले म्हातारेही मी पाहिले आहेत. बाटली लवकर संपली की ताकद लवकर येते, अशी सगळ्यांची पक्की समजूत होती. एसटीची वेळ झाली की नातेवाइकांचा हात हळूच नळीवरच्या छोट्या चाकाकडे जायचा. ते चाक सैल केले की थेंब भराभर पडतात.

पण तिथे रागिणी सिस्टर होती. ती रोग्याचा गार पडलेला हात आधी गरम फडक्याने शेकायची आणि शीर वर आली की मगच सुई टोचायची. मग मनगटावरचे घड्याळ नळीजवळ धरून थेंब मोजायची. बाटलीवर चिकटपट्टी लावून तासातासाच्या रेघा ओढायची. येता-जाता रोग्याच्या पायावर अंगठा दाबून सूज बघायची, सुईजवळचा हात फुगला नाही ना तेही बघायची. चाकाला कोणी हात लावलेला दिसला, तर ती असे काही सुनावायची की तो माणूस बाकावर जाऊन गप्प बसायचा. मला तिचा फार अभिमान वाटे.

२००३ च्या उन्हाळ्यात मसाजी आपल्या आईला, जनकाबाईला घेऊन आला. कुरुंद्याकडच्या एका वस्तीवर त्यांची मेंढरे होती. जुलाबांनी म्हातारी सुकून गेली होती आणि तिचे हृदय आधीपासूनच कमजोर होते. डॉक्टरांनी एकच बाटली सांगितली, तीही अगदी हळू. सिस्टरने मिनिटाला वीस थेंब लावले. बाटली संपायला संध्याकाळ होईल, चाकाला हात लावू नको, असे मसाजीला बजावून ती शेजारच्या खोलीत एका बाळंतिणीकडे गेली.

मसाजी वाईट माणूस नव्हता. तो आईला टॉवेलने वारा घालत होता, तिचे ओठ ओले करत होता. पण शेवटची गाडी पाचची होती आणि वस्तीवर मेंढरांना पाणी पाजायला कोणी नव्हते. दुपारी दोन वाजले तरी बाटली अर्धीसुद्धा रिकामी झाली नव्हती. त्याने दाराकडे पाहिले आणि अंगठ्याने चाक पूर्ण सैल केले. थेंबांची धार झाली. त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. मला ओरडावेसे वाटले, पण लोखंडाला तोंड कुठले?

थोड्या वेळाने जनकाबाई चुळबुळू लागली. ती म्हणाली, “मसाजी, छातीवर कोणीतरी बसल्यावानी होऊन राहिलं.”

“ताकद चढून राहिली, माय. जरा दम धर,” मसाजी म्हणाला.

तिला झोपवेना. श्वास घरघरू लागला, ओठ निळे पडले, तोंडाला फेस आला. तेव्हा कुठे तो धावत सिस्टरला बोलवायला गेला. तिने येताच चाक बंद केले, म्हातारीला उठवून बसवले, तिचे पाय खाली सोडले, प्राणवायू लावला. डॉक्टरांनी सुया दिल्या. पण कमजोर हृदयाला एवढे पाणी पेलवले नाही, ते फुप्फुसात भरले होते. पाचची गाडी सुटायच्या आधीच जनकाबाई गेली.

मसाजी मला धरून उभा राहिला. “मीच फिरवलं चाक,” तो म्हणाला. “सिस्टर, हळू गेली असती बाटली, तर वाचली असती का माय?”

सिस्टरने जनकाबाईच्या अंगावरची चादर नीट केली. मग म्हणाली, “न्हाई, दादा. दुखणंच जड होतं.”

तो गेल्यावर तिने चिकटपट्टीवरच्या रेघा पाहिल्या आणि ती माझ्याशेजारी भिंतीला टेकून रडली. “हात लावू नको एवढंच मी सांगितलं, काहून ते सांगितलंच नाही,” असे ती स्वतःशीच पुटपुटत होती. त्यानंतर प्रत्येक बाटली लावताना ती नातेवाइकाला शेजारी बसवून सांगू लागली, की हे पाणी थेट रक्तात जाते आणि थकलेले हृदय एकदम एवढे ओझे ओढू शकत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरचे कोणी असे पडून असले आणि तुम्ही उशाशी बसलात, तर त्या चाकाला हात लावू नका. घाई असेल तर सिस्टरला सांगा. कळत नसेल तर विचारा, विचारायला लाजू नका. रागिणी सिस्टर त्या दिवशी मसाजीशी खोटे बोलली, कारण त्याला पुढे जगायचे होते. तुमच्याशी मी खोटे बोलणार नाही. जनकाबाई वाचली असती.