गोळ्यांच्या पाकिटावरची अक्षरे

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझ्या पाठीवर तीन ठिकाणचे शिक्के आहेत. कोपरगावच्या एका कचेरीत मी नवाकोरा आलो, तेव्हा मला हार घातला होता. पुढे एका शाळेने मला नेले. मग दोन वर्षे अडगळीत धूळ खात पडलो. शेवटी क्रिस्टीनाबाईंनी मला पुसून अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या एका लहान दवाखान्यात आणले. त्या बेलापूरच्या. शाळेत संगणक शिकवतात आणि सुट्टीत इथे मदतीला येतात.

इथे गोळ्यांच्या पाकिटावर सूचना इंग्रजीत असत. भातशेती करणाऱ्या मुक्ताबाई दोनदा बांधावर चक्कर येऊन पडल्या. गोळ्यांची अदलाबदल होत असावी, अशी परिचारिका सत्यशीलाताईंना शंका आली. म्हणून क्रिस्टीनाबाईंनी मराठी सूचना छापणारा प्रोग्रॅम घरच्या लॅपटॉपवर लिहिला आणि इथे येऊन माझ्यावर कंपाईल केला, म्हणजे मला चालवता येईल अशा रूपात आणला.

मी इमानेइतबारे काम केले. पाकिटावर मात्र डोक्यावर रेघोट्या असलेली कसलीशी परकी अक्षरे उमटली!

"मॅडम, मशीन लई जुनं हाय," सत्यशीलाताई म्हणाल्या. "जाऊ द्या, इंग्रजीच ठेवू."

मला फार लाज वाटली. क्रिस्टीनाबाईंनी फॉन्ट बदलला, मजकूर पुन्हा टंकला. दुपार टळली तरी तोच घोळ. मग त्यांनी मूळ फाईल उघडून पाहिली. तिच्यात मराठी स्वच्छ दिसत होते.

"लिहिलेलं बरोबर आहे," त्या पुटपुटल्या. "मधेच कुणीतरी चुकीचं वाचतंय."

तो मीच होतो, मित्रांनो. मला अक्षरे दिसत नाहीत, आकडे दिसतात. त्या फाईलमध्ये मराठीच्या एकेका अक्षराचे तीन आकडे होते. ते एकत्र वाचायचे, हे मला कुणी सांगितले नव्हते. जुन्या सवयीने मी ते सुटे वाचले, आणि एका अक्षराची तीन परकी चिन्हे झाली.

क्रिस्टीनाबाईंनी कंपाईलच्या आज्ञेत एवढीच भर घातली: ही फाईल यूटीएफ-८ पद्धतीने वाच, म्हणजे मराठीचे तीन-तीन आकडे मिळून एक अक्षर धर.

या वेळी पाकिटावर छापून आले: 'पांढरी गोळी सकाळी. पिवळी गोळी रात्री, जेवल्यावर.'

मुक्ताबाई साक्षरता वर्गात शिकलेल्या. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवले. "पि...व...ळी... रात्री?" त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, "ताई, मी तर दोन्ही सकाळीच घेत हुते."

सत्यशीलाताईंनी त्यांना बाकावर बसवले आणि लगेच डॉक्टरांना बोलावले.

पुढच्या महिन्यात मुक्ताबाई डोंगर उतरून एकट्या आल्या. "आता चक्कर न्हाई," म्हणाल्या आणि नवे पाकीट वाचूनच पिशवीत टाकले.

मित्रांनो, मला जुना म्हणून फेकू नका. आणि माझ्या पडद्यावर तुमची भाषा विस्कटलेली दिसली, तर भाषेला सोडून देऊ नका. ती कशी वाचायची, तेवढे मला सांगा. मी वाचेन.