सत्तरचं दार

गवंडी सकाळपासून स्वतःच्याच घराची भिंत फोडत होता आणि आम्ही शेजारी कुंपणाला टेकून बघत होतो. दार रुंद करायचंय, एवढं एकदाच बोलला. पण पहार काही थांबेना. जुनी चौकट गेली, शेजारची खिडकी गेली, तरी गडी आपला फोडतोच आहे.

त्याची बायको चाऱ्याच्या गंजीवरून पडली होती. मणका मोडला, पाय कायमचे बधिर झाले. डॉक्टर म्हणाले, आता चाकाची खुर्ची. पण आम्हाला विचाराल तर खरा बधिर झाला तो हा. वाढलं तर जेवायचा, नाही वाढलं तर मागायचा नाही. तिनं दवाखान्यातून एकच निरोप धाडला होता, मला पोत्यासारखं उचलून घरात न्यायचं नाही. माझ्या हातानं चाक फिरवत येईन, नाहीतर येणारच नाही.

मग लेकीचा फोन आला. खुर्ची सहासष्टची आहे, दार सत्तर तरी ठेवा. लेक शहरातली, तिचा सगळा हिशेब सेंटिमीटरचा. ह्याचा जन्म फूट-इंचात गेलेला. आमच्याकडे तसं दोन्ही चालतं. दूध लिटरनं, जमीन एकरानं, माणूस उंचीला फुटात आणि वजनाला किलोत, कुणाचं काही अडत नाही. एरवी त्यानं लेकीची फिरकीच घेतली असती, की अगं, सत्तर इंचाचं दार घराला असतं का गोदामाला? त्या दिवशी त्यानं नुसतं ऐकलं, टेप ओढला आणि सत्तर इंचावर खूण केली.

काहीतरी चुकतंय हे आम्हाला दिसत होतं. पण त्याच्या तोंडाकडे बघून कुणाची जीभ उचलेना. वर तुळई चढवताना तेवढे हात दिले.

दुपारी गाडी आली. लेकीनं आईला खुर्चीत बसवलं, भिंतीकडे बघितलं आणि तिचं तोंडच उतरलं.

"बाबा, सेंटिमीटर हो," ती हळूच म्हणाली.

त्यानं टेपची दुसरी कड बघितली. "बरं," म्हणाला आणि टेप खिशात टाकला.

बायकोनं चाकं फिरवायला सुरुवात केली. खडीत चाक रुतलं, तिनं मागं घेतलं, पुन्हा रेटलं. आम्ही कुणी पुढं झालो नाही. भिंतीच्या त्या भगदाडात येऊन ती थांबली आणि तिनं दोन्ही हात पसरले. एकाही बाजूला भिंत हाताला लागेना.

"अहो," ती म्हणाली, "मी खुर्चीवर येणार होते. ट्रॅक्टरवर नाही."

हसलं कुणीच नाही. तो वाळूच्या ढिगावर बसला आणि ढसाढसा रडायला लागला. ती पडल्यापासून त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आम्हाला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. तिनं त्याला पोटभर रडू दिलं.

"झालं?" मग ती म्हणाली. "आता हे झाकायचं कसं ते बघा. वारं येतंय."

तो उठला, बाहीला नाक पुसलं आणि ताडपत्री शोधायला गोठ्यात गेला. तो परत येईपर्यंत ती आत गेली होती, एकटी.