दारावरची बाई

कोनी आयलंडला आकाशपाळण्यांच्या बागेच्या कमानीवर एक हसरी बाई होती. माझ्या नवऱ्यानं, ओरेस्तेनं, ती गिलाव्यात घडवली. चेहरा माझा, तेव्हा आमचं लग्नही ठरलं नव्हतं.

समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं दर हिवाळ्यात बाईचं नाक झडायचं. मग वसंतात ओरेस्ते मला शिडीखाली उभं करायचा आणि माझ्याकडे बघत डागडुजी करायचा. एका वर्षी नाकाबरोबर डोळ्यांखाली सुरकुत्याही आल्या.

"हे रे काय? म्हातारी केलीस माझी!"

"मी कशाला करू, एर्सिलिया? आहे तशी केली."

पुढं दुसरी हनुवटी आली, तेव्हा मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही.

ओरेस्ते गेला त्याच हिवाळ्यात बाई अख्खी निखळून पडली. नव्या कारागिरानं, नुंत्सियोनं, ओरेस्तेचा अगदी पहिला साचा शोधून नवी बाई बसवली आणि मला मुद्दाम बोलावलं.

"बघा मावशी, पुन्हा वीस वर्षांच्या झालात!"

मी वर बघितलं. देखणी होती, नाही कशाला म्हणू?

"उतरव तिला," मी म्हणाले. "कोण ही पोरगी? ही तर त्याच्याशी एकदा भांडलीसुद्धा नाही."