उशीवरचा येशू आणि दोन सर

ताईचा प्रबंध बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानातल्या येशूवर होता. सात वर्षं वॉर्डात नर्सची ड्यूटी करून तिनं तो लिहिला. मी तिचा दहावी नापास भाऊ; माझ्या टायपिंगच्या दुकानात तो चारदा टाइप केला. पास झाली तर कॉलेजात शिकवणार, नाहीतर बेडपॅन आहेच.

परीक्षक दोन; नावं मी ठेवलेली. देवसरांच्या मते मार्कचा येशू पहिल्या ओळीपासून देव, माणूसपण नुसतं वरचं आवरण. माणूससरांच्या मते तो पुरता माणूस, देवपण नंतरच्यांनी चिकटवलेलं. वीस वर्षं दोघं एकमेकांविरुद्ध पुस्तकं पाडतायत. मार्क बिचारा सोळा अध्यायांत आटोपला. यांच्या प्रस्तावनाच त्याहून लांब.

होडीतली झोपच घ्या. वादळ आलंय, होडीत पाणी शिरतंय आणि येशू उशीवर डोकं टेकून गाढ झोपलाय. देवसर म्हणतात, ही ईश्वरी शांती. माणूससर म्हणतात, हा कष्टकऱ्याचा थकवा. ताईनं लिहिलं होतं, 'दिवसभर गर्दीला तोंड देणारा असाच झोपतो, आणि हाक आली की असाच उठतो.'

ते वाक्य मीच उडवलं. "ताई, शहाणपणा पदवी मिळाल्यावर कर."

कारण रीत मला ठाऊक होती. परीक्षक प्रबंध मागून उघडतो आणि संदर्भांच्या यादीत आपलं नाव कितव्या नंबरावर आहे ते बघतो. म्हणून मी दोन प्रती काढल्या. एकीत शांती आणि देवसर पहिले. दुसरीत थकवा आणि माणूससर पहिले. ताई नको नको म्हणत कबूल झाली. दोन्हींना काळं कव्हर. आणि मी अक्कलशून्यानं पाकिटांत अदलाबदल केली.

तोंडी परीक्षेला मी मागच्या बाकावर होतो.

"मी दुसरा?" देवसर गरजले. "आणि हा पहिला?"

"माझ्या प्रतीत तर तुम्हीच पहिले आहात!" माणूससर म्हणाले.

दोघांनी प्रती शेजारीशेजारी ठेवल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा एका टेबलावर दोन डोकी जवळ आली.

"बाई, तुमचं नक्की मत काय?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी बुटांकडे.

"ही दोन्ही मतं तुमचीच आहेत सर. माझं मी काढू दिलं, ती चूक माझी." मग तिनं उडवलेलं वाक्य तोंडपाठ म्हटलं. थांबावं ना? नाही. "मार्कमध्ये येशू विचारतो, मी कोण आहे असं तुम्ही म्हणता? शिष्य उत्तर देतो. त्यावर तो बजावतो, कुणाला सांगू नका. तुम्ही दोघं वीस वर्षं सांगत सुटलाय."

प्रबंध एकमतानं नापास. बघा, देव-माणसाचं शेवटी जुळलं!

दुकानात आल्यावर म्हणाली, "वाक्य परत घाल. प्रत एकच."

"आणि यादीत पहिलं कोण?"

"वर्णक्रमानं येईल तो."

"परत पाडतील गं."

"पाडू देत."

मी टाइप करत होतो तोवर ती कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर डोकं ठेवून झोपली. वॉर्डातून फोन आला. उठली, तोंडावर पाणी मारलं आणि गेली. शांती की थकवा, ते सांगायला दोन्ही सर तिथं नव्हते.