लुईझाबाईंचा उजवा हात

अकोल्यात पहिली गिटार कुणी वाजवली हे मला ठाऊक नाही. पण एका हिवाळ्यात त्या गावातल्या एका गिटारीचा उजवा हात मी होते, हे मी कुणाहीपुढे छातीवर हात ठेवून सांगेन. डावा हात लुईझाबाईंचा होता.

ते दिवस कापसाचे होते. समुद्रापलीकडे कुठे तरी मोठी लढाई पेटली होती, तिकडचा कापूस अडकला होता आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. लोकांनी बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या बसवल्या. ज्या बायकांनी कधी चांदी पाहिली नव्हती त्यांच्या पायांत वाळे आले. रस्त्याच्या कडेची बाभळीची झाडं बैलबंड्यांतून उडालेल्या कापसानं पांढरी दिसायची. आमच्या बाबांनी, नत्थुजी माळ्यांनी, मोर्णा नदीकाठच्या मळ्यातले वांग्याचे वाफे मोडून तिथं कापूस पेरला. आई, म्हणजे तानुबाई, त्यांच्यावर किती तरी दिवस धुसफुसत होती. "लोकं आता कापूस खातीन काय?" असं येता-जाता ऐकवायची.

उरलेल्या मळ्यातली भाजी आणि फुलं घेऊन आई नि मी गावात विकायला जात असू. माझं लग्न झालं होतं, पण बार्शीटाकळीला नांदायला जायचं ते पुढच्या वर्षी. गावाबाहेर कापूस दाबून गाठी बांधायचा एक कारखाना निघाला होता. तिथलं यंत्र सांभाळायला गोव्याकडचा एक मिस्त्री आणला होता, आणि लुईझाबाई त्याची बायको. उंच, झगा घालणारी, मोठ्यानं हसणारी. आमच्यासारखं बोलता यायचं नाही, पण घासाघीस करण्यात आईला पुरून उरायची.

"एवढ्याशा मेथीला इतके? तुझी मेथी रेल्वेनं आली काय गो, तानुबाई?"

"रेल्वे अजून गावात आली नाई, बाई. आली की अजून महाग करीन."

दोघींचं असं रोज चालायचं आणि दोघींना ते आवडायचं.

दिवाळीच्या सुमारास लुईझाबाई बाजारातून बंडीनं घरी येत होत्या. समोरून कापसाच्या बंड्यांची रांग आली. गाडीवानानं बाजू द्यायला बैल वळवले, चाक चाकोरीबाहेर गेलं आणि बंडी कलंडली. बाईंचं उजवं मनगट मोडलं. हाडवैद्यानं बांबूच्या कांबी बांधल्या आणि संक्रांत होईपर्यंत हात हलवायचा नाही अशी ताकीद दिली.

आम्ही भाजी घेऊन गेलो तर बाई व्हरांड्यात बसून रडत होत्या. मांडीवर ती गिटार होती. तोवर ती मी भिंतीला टांगलेलीच पाहिली होती.

"लय दुखून राहिलं काय वं बाई?" आईनं टोपली उतरवली.

"हात नाही दुखत गो. हात बरा होईल. पण रोझाचं लग्न थोडंच थांबणार?"

रोझा त्यांची एकुलती एक मुलगी. नाताळ झाला की तिचं लग्न होतं. नवरा रेल्वेच्या कामावर होता. रुळांआधीचं मातीकाम अमरावतीच्या अंगाला सरकत होतं आणि त्याच्यामागं त्यालाही सरकावं लागायचं, म्हणून तारीख हलवता येत नव्हती. आणि बाईंच्या घराण्यात एक रीत होती. मुलगी सासरी निघाली की आईनं दारात बसून एक ठरलेली चाल गिटारीवर वाजवायची. आजीनं त्यांच्या आईसाठी वाजवली होती, आईनं त्यांच्यासाठी. चाल वाजत असताना मुलीनं उंबरा ओलांडायचा. चाल वाजलीच नाही, तर ती मुलगी न सांगता घर सोडून गेल्यासारखी झाली, असं त्या मानत.

"मंग रोझालेच वाजवू द्या ना," आई म्हणाली.

"तुझी लेक निघताना स्वतःच स्वतःची ओटी भरेल काय?"

आईला ते पटलं.

हे बोलणं चाललं होतं तेव्हा मी बाईंच्या डाव्या हाताकडं पाहत होते. बोटं तारांवर बसायची, उठायची, पुन्हा निराळ्या जागी बसायची. आवाज काहीच नाही. सगळी चाल त्या हातात शाबूत होती, फक्त तारा छेडणारं कुणी नव्हतं. मी पुढं वाकले आणि एक तार ओढली. ती वाजली.

"शकुन!" आई माझ्यावर ओरडली.

बाई मात्र माझा हात हातात घेऊन उलटसुलट बघायला लागल्या. हार ओवून ओवून माझी बोटं चपळ झाली होती. "नखं का कापलीस?"

"माती जाते नखाईत."

"आता कापू नको."

मग आई नि बाई यांच्यात माझ्यावरून घासाघीस झाली, जशी मेथीवरून व्हायची. वेचणीचे दिवस होते, पोरगी दिवसभर कशी सोडायची? शेवटी सकाळी मळ्यात वेचणी आणि दुपारी बाईंकडं, असं ठरलं. "पण तिच्या घरचं पाणी पिशीन नाई," आईनं वाटेत बजावलं. "आन् त्या झग्यागिग्याच्या नादी लागशीन नाई."

बाई गिटार मांडीवर घेऊन बसायच्या, मोडका हात गळ्यातल्या झोळीत. मी त्यांच्या उजव्या अंगाला चिकटून बसायची आणि माझा हात गिटारीवरून तारांवर टेकवायची. पहिल्या दिवशी त्यांनी डाव्या हातानं तारा दाबल्या आणि मला सगळ्या तारांवरून एकदम अंगठा फिरवायला लावला. भरघोस आवाज आला.

"हे आकोर्द," त्या म्हणाल्या. "सगळे सूर एकत्र."

"म्हणजे जुडी," मी म्हटलं.

त्या हसल्या. "बरं, जुडी. आता हीच जुडी, पण एकेक तार. आधी जाड, मग बारीक. याला म्हणतात आर्पेजू."

"म्हणजे जुडी सोडायची."

"सोडायची, पण विखरू द्यायची नाही."

जाड तारांना अंगठा, बारीक तारांना पुढची बोटं. अंगठ्यानं सुरुवात करायची, मग बोटांनी वर चढायचं आणि परत खाली यायचं. बाईंची बोटं नव्या जागी बसली की जुडी बदलायची, आणि बऱ्याचदा अंगठ्यालाही दुसरी जाड तार धरावी लागायची. हे मला चुकत चुकत जमलं. आमच्या भजनात एकतारी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच सूर धरून असते, त्यामुळं माझा अंगठा एकाच तारेला चिकटून बसायचा. बाई त्याला टिचकी मारायच्या. थोड्याच दिवसांत तो आपण होऊन जागा बदलू लागला.

तारा बरोबर, क्रम बरोबर, वेळही बरोबर. तरी बाईंचा चेहरा पडलेलाच. "सूर मरतो गो. तू वाजवतेस आणि तो तिथंच मरतो."

मलाही ते कळत होतं. टक, टक, टक. सुपात दाणे पडावेत तसं. त्यांना वाटलं, तारा जुन्या झाल्या. मिस्त्री यंत्राचं सामान आणायला अमरावतीला गेला तेव्हा त्यानं कुणा साहेबाच्या बँडवाल्याकडून नव्या तारा मिळवल्या. त्या चढवल्या. तरी टक, टक, टक. मग बाईंना वाटलं, गिटारीच्या पोटात कापूस गेला असेल. तेव्हा कापूस जात नव्हता अशी जागाच नव्हती. गिटार उलटी करून झटकली. आतून एक मेलेला भुंगा निघाला, बाकी काही नाही. लग्न जवळ येत होतं. बाई आता रागवत नव्हत्या, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटायची.

एका दुपारी आई मला न्यायला आली होती. रोझा आतून तांदळाचं पितळी ताट घेऊन आली आणि तिच्या हातून ते फरशीवर पडलं. मोठ्यानं झणझणलं. मी एका बाजूनं आणि आई दुसऱ्या बाजूनं, दोघीही एकदमच झेपावलो आणि ताटावर हात ठेवला. आवाज थांबला. तांदूळ तसाच पसरलेला.

बाई आमच्याकडं बघतच राहिल्या. "तांदूळ भरायचा सोडून ताट का धरलंत?"

"भांडं वाजत ठेवू नाई," आई म्हणाली. कुणाला एवढंही कसं माहीत नाही, असा तिचा सूर होता. "घरात भांडनं लागते. पोरीले चालता येत नव्हतं तवापासून शिकवलं म्या."

बाईंनी आधी ताटाकडं पाहिलं, मग माझ्या हाताकडं. आणि त्या इतक्या हसल्या, की हाडवैद्याच्या कांबी हलल्या आणि त्या कळवळल्यासुद्धा.

"वाजव," त्या म्हणाल्या. "आणि आपल्या बोटांकडं बघ."

मी वाजवलं आणि पाहिलं. जे बोट तार ओढायचं तेच लगेच खाली येऊन तारेवर टेकायचं. एकूण एक तारेवर. आईनं लावलेली सवय इतकी अंगात मुरली होती, की वाजणारी तार मी भांड्यासारखी शांत करून टाकत होते.

बाईंनी त्यावर जो उपाय काढला तो आईला अजिबात रुचला नाही. त्यांनी मला दोन्ही हात पाठीमागं धरून उभं केलं आणि रोझाला ताट पाडायला लावलं. ते वाजून वाजून आपोआप थांबेपर्यंत मी हलायचं नाही. पुन्हा पाडलं. पुन्हा. माझे हात पाठीमागं शिवशिवत होते.

"अवं बाई, लोकं म्हनतीन मिस्त्रीनं बायकोले झोडपलं!" आई कानांवर हात ठेवून म्हणाली. तिला बघवेना. शेवटी ती व्हरांड्याखाली उतरून रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली.

पण त्या दुपारी मी पहिल्यांदा ऐकलं की आवाज एकदम संपत नाही. तो बारीक होत जातो, थरथरतो, हवेत विरतो. मग गिटार वाजवली आणि बोटं वरच ठेवली. जाड तारेचा सूर अजून घुमत होता तोवर पहिली बारीक तार त्यात मिसळली, मग दुसरी, मग तिसरी. एकेक करून सोडलेली जुडी हवेत पुन्हा बांधली गेली. आर्पेजू म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं. तारा एकामागून एक वाजवायच्या, पण एकीनंही दुसरीला मागं टाकायचं नाही. बाईंनी डावा हात पुढच्या जागी सरकवला, मीही अंगठा सरकवला, आणि आम्ही चाल पहिल्यांदा पूर्ण केली.

त्यानंतर मला काही अवघड वाटलं नाही. खालून वर, वरून खाली, मधली तार आधी, शेवटची नंतर; ज्या जुडीत बाईंचा हात असेल त्या जुडीत मी हवी तशी फिरायची, आणि चुकलं तरी ते सूर त्या जुडीतलेच असायचे. बोंडांच्या टोकदार सालांनी माझी बोटं फाटायला लागली तेव्हा आईच म्हणाली, "डाव्या हातानं वेच." मळ्यात तिनं माझ्या उजव्या हाताला फडकं बांधून टाकलं. बाबांनी विचारलं तर म्हणाली, "तुमी कापूस पाहा, हाताचं मी पायते."

लग्नाला पाद्री बाहेरगावाहून आला. फुलं आमच्याच मळ्यातली, आणि ती द्यायला आलेली आई मांडवाच्या कडेला उभी. निघायची वेळ झाली तशा बाई दारात खुर्चीवर बसल्या, शेजारच्या स्टुलावर मी. नवऱ्याकडचे लोक कुजबुजले. लुगडं नेसलेली माळ्याची पोर इथं काय करते, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी तिकडं लक्ष दिलं नाही. मला काय येतं ते मला ठाऊक होतं.

बाईंनी मान हलवली. आम्ही सुरू केलं.

अर्धी चाल झाली तेव्हा रोझा आतल्या खोलीतून आली. पांढरा झगा, हातात आमच्या शेवंतीचा गुच्छ. उंबऱ्याशी थांबून तिनं आईकडं पाहिलं. आणि बाईंचा डावा हात थांबला. बोटं तारांवर तशीच दाबलेली, पण पुढच्या जागी जाईनात. मी शेजारी पाहिलं. बाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं. त्यांना उठता येत नव्हतं, हलता येत नव्हतं. चाल तुटली असती तर रोझा तशीच उभी राहिली असती, आणि बाईंना जन्मभर तेच दिसत राहिलं असतं.

मी थांबले नाही. ज्या जुडीवर त्यांचा हात अडला होता, तीच मी सोडत राहिले. आधी खालून वर. मग वरून खाली. मग अंगठा हळू टेकवून मधल्या दोन तारा आलटूनपालटून, झोळीतल्या लेकराला झोका द्यावा तशा. मला घाई नव्हती. सूर एकमेकांत मिसळत होते, आणि बाईंचा हात कितीही वेळ तिथंच राहिला असता तरी माझ्याकडं वाजवायला काही तरी होतंच.

रोझानं उंबरा ओलांडला. ओलांडून ती आईपाशी वाकली, कपाळाला कपाळ टेकवलं. बाईंनी मोठा श्वास घेतला, डावा हात पुढच्या जागी सरकला, माझा अंगठा त्याच्याबरोबर गेला आणि आम्ही शेवटापर्यंत पोचलो. शेवटचा सूर मी विरू दिला.

बंडीत चढताना रोझानं विचारलं, "आई, मधला तो भाग मी कधी ऐकला नव्हता. आजीचा काय?"

"आजीचा नाही, माझाही नाही," बाई म्हणाल्या. "तो हिचा गो."

रोझानं गुच्छातली एक शेवंती काढून माझ्या हातात दिली. बंडी मूर्तिजापूरच्या रस्त्याला लागली.

मग आई नि मी घरी निघालो. मळा दिसायला लागला तशी आई म्हणाली, "मधातच बाईचा हात अडला होता ना?"

"तुले कसं समजलं?"

"मी तिच्याकडंच पाहून राहिली होती. मायचा हात अडतेच." तिनं रिकामी टोपली दुसऱ्या काखेत घेतली. "तू नाई थांबली, ते बरं केलं."

आईनं आयुष्यात माझं कौतुक केलं ते असंच, चालता चालता. तेवढं मला पुष्कळ झालं.