वहिनींचा नंबर

"कोड आला का?" मास्तरांनी पायरीवरूनच विचारलं.

लॉन्ड्रीवाला काउंटरमागे नुसता उभा होता. इस्त्री थंड होती. दुकान उघडलं ते घरात बसवेना म्हणून. सोमवारी सकाळी शर्टांच्या घड्या घालता घालता बायको गेली, आणि आज शुक्रवार.

"कसला कोड?"

तेवढ्यात काउंटरवर तिचा फोन थरथरला. तो दचकून मागे सरला. आता तिला कोण बोलावतंय? सगळ्यांना तर कळवून झालं होतं.

"तोच, तोच!" मास्तर आत आले. "टॅक्सचं रिटर्न भरायची आज शेवटची तारीख. भाचा घरी कॉम्प्युटरसमोर बसलाय. लवकर वाचा, दहा मिनिटांत मरतो तो."

मग त्यांनी जीभ चावली. "म्हणजे... संपतो हो."

लॉन्ड्रीवाल्याने सहा आकडे वाचले. मास्तरांनी ते आपल्या फोनवरून भाच्याला सांगितले. लॉन्ड्रीवाला मात्र तिच्या फोनकडे बघत राहिला, जसं काही तो फोन अजून बोलणार होता.

प्रश्न १. टॅक्सच्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर तुमचा स्वतःचा आहे का?

प्रश्न पाहणीवालीचा. लोक ऑनलाइन रिटर्न का स्वीकारतात आणि का नाही, हे विचारत ती हातात टॅब घेऊन गावभर फिरत होती. या गल्लीत म्हाताऱ्यांपासून सगळे ऑनलाइन भरतात असं कळल्यामुळे ती सगळ्यांची खाती उघडून देणाऱ्या लॉन्ड्रीतल्या 'त्या मॅडमना' भेटायला आली होती. काय झालंय ते ऐकल्यावर तिचा चेहरा उतरला आणि ती परत फिरू लागली. मास्तरांनीच तिला स्टुलावर बसवलं. "बसा हो. निदान कुणीतरी वहिनींबद्दल विचारतंय."

"माझा स्वतःचाच नंबर आहे," कपडे न्यायला आलेली नर्सबाई ठासून म्हणाली. "आत्ताच मोबाइलवरून खातं उघडतेय, बघा."

काउंटरवरचा फोन थरथरला.

नर्सबाईने लॉन्ड्रीवाल्याकडे पाहिलं. तिचा आवाज एकदम खाली आला. "भाऊ... काय आलंय त्यात?"

प्रश्न २. तुम्ही तुमचा पासवर्ड इतरांना सांगता का?

"छे! मी काय वेडी आहे?" म्हणत नर्सबाईने घडीतून आपला युनिफॉर्म काढला, कॉलर उलटी केली आणि आतली खूण वाचून दाखवली. पक्क्या काळ्या शाईतली, लॉन्ड्रीची. कुणाचे कपडे कुणाकडे जाऊ नयेत म्हणून घातलेली.

"हा पासवर्ड?" पाहणीवालीने विचारलं.

"सगळ्यांचाच तसा. वहिनी म्हणायच्या, विसरलात तर गळ्यातच आहे."

"अहो, पण या खुणा तर मी घालतो!" लॉन्ड्रीवाला म्हणाला.

वर्षानुवर्षं तो गल्लीच्या कॉलरींवर गल्लीचे पासवर्ड लिहीत आला होता, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. तो मटकन खुर्चीत बसला. मग ती खुर्ची दुकानातल्या कॉम्प्युटरपुढची, बायकोची आहे हे लक्षात येऊन पुन्हा उठला.

प्रश्न ३. या यंत्रणेवर तुमचा विश्वास कशामुळे बसला? सोपी / वेगवान / सुरक्षित / इतर

"मी तर भांडलो होतो वहिनींशी," मास्तर म्हणाले. "म्हटलं, शिक्का नाही, सही नाही, माझी माहिती हवेत जाणार. तर म्हणतात कशा, 'मास्तर, तुमच्या खिशात काय काय सापडतं ते मी आजवर कुणाला सांगितलं का?' संपलं. भरलं ऑनलाइन."

"काय सापडायचं हो?"

"लॉटरीची तिकिटं. आमच्या हिला अजून माहीत नाही."

नर्सबाई फिसकन हसली. लॉन्ड्रीवालाही हसला. आपण हसलो याचाच त्याला धक्का बसला.

पाहणीवालीने 'इतर'वर बोट टेकवलं. पुढे तीनच शब्द मावत होते.

प्रश्न ४.

विचारायचा राहिला, कारण लॉन्ड्रीवाल्याची मुलगी आली.

"बाबा, ही गर्दी कसली?" तिने सगळं ऐकून घेतलं आणि ती दाराला धरून उभी राहिली. "मी काल आईचा नंबर बंद करायला अर्ज दिलाय. आज संध्याकाळपर्यंत बंद होईल."



"अगं, अख्खी गल्ली त्या नंबरात आहे," मास्तर म्हणाले.

तिने कंपनीला फोन लावला. अर्ज मागे घेता येत नव्हता.

"कुणाला विचारून दिलास?" लॉन्ड्रीवाला ओरडला. मुलीवर तो कधी ओरडत नसे.

"तुम्ही त्या फोनकडे बघत बसता, बाबा. ताट तसंच राहतं."



नंबर बदलायचा तर एक कोड जुन्या फोनवर येणार, एक नव्यावर. मुलगी आईच्या खुर्चीत बसली. तो फोन घेऊन शेजारी उभा राहिला. मास्तर निरोप देत गल्लीभर फिरले. फोन थरथरे, तो वाचे, ती टाइप करी. पुढचा. औषधवाला. पुढचा. शिवणवाल्या बहिणी. ज्याचं काम झालं तो बायकोच्या नंबरातून सुटून पायरी उतरे. लॉन्ड्रीवाल्याला प्रत्येक वेळी वाटे, या माणसाला जरा थांबवावं.

कोपऱ्यावरच्या आजींकडे फोनच नव्हता. "ती होती ना माझा फोन," त्या म्हणाल्या.

"माझा नंबर टाका," नर्सबाई म्हणाली.

"म्हणजे परत तेच होणार!" मुलगी वैतागली.

"होऊ दे."

पाहणीवालीने टॅब मिटला. पुढचं काही न विचारता तिने आजींना हात दिला आणि पायरी उतरवून दिली.

उजेड कमी झाला तेव्हा दुकान रिकामं होतं.

"बाबा, तुमचं राहिलं."

"माझं कुठे काय असतं?"

"आहे. दर वर्षी आई भरायची तुमचं. याच नंबरवर."

त्याने कधी विचारलं नव्हतं, तिने कधी सांगितलं नव्हतं. मुलीने खातं उघडलं, नव्या नंबराच्या जागी त्याचा नंबर घातला.

हातातला फोन थरथरला.

"सांगा."

"चार. शून्य. सात." त्याने श्वास घेतला. "सात. दोन."

"हं."

शेवटच्या आकड्यावर त्याचा अंगठा होता. तो अंगठा निघेना.

"बाबा?"

पडद्याच्या कोपऱ्यात उरलेला वेळ कमी होत होता. मुलीने त्याच्याकडे पाहिलं. मग कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले, आणि पुन्हा विचारलं नाही.