चाळीसाव्या किलोमीटरची खुर्ची

खट्!

रविवारची सकाळ. घरात सगळे गाढ झोपलेले, पंखासुद्धा पेंगत पेंगत फिरतो आहे, आणि त्या शांततेत चपलांच्या कपाटाचं दार वाजतं. गेली दोन वर्षं दर रविवारी हेच. तो आवाज झाला की माझ्या पोटात दुखायला लागतं. खुर्चीला पोट कुठून आलं, असं तुम्ही विचाराल. मित्रांनो, माझं पोट म्हणजे माझं कापड. माणसं तिथेच बसतात, म्हणून जे काही दुखायचं ते तिथेच दुखतं.

मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. लोखंडी नळीचे पाय, लाकडाचे दोन हात आणि मध्ये जाड कापड, जे एकेकाळी हिरवं होतं. माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. नळ्या वाकवणारा कारागीर अबोल होता. मला उभं केल्यावर तो माझ्यात धप्पकन बसला, उठला, पुन्हा बसला आणि म्हणाला, "हिला काही होत नाही." ही शाबासकी मी आजवर जपून ठेवली आहे. खोट एकच राहिली. डाव्या बाजूच्या ज्या खटक्यावर माझी घडी अडते, तो जरा ढिला आहे. डाव्या हातावर जोर पडला की तो सुटतो आणि बसलेलं माणूस मागे कलंडतं. घरात सगळ्यांना हे ठाऊक आहे. पाहुण्यांना मात्र पडल्यावर सांगतात.

मला घरी आणलं तेव्हा खारू जन्माला यायची होती. खारू हे लाडाचं नाव, पेन्सिलींची टोकं कुरतडते म्हणून पडलेलं. लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेलं मूल, आणि आई अडतीस वर्षांची. त्या दिवसांत माझा थाट काय सांगू! आई माझ्यात बसून तिला पाजायची, ढेकर काढायची, ताप आला की तिला छातीशी धरून दुपार दुपार डुलायची. "या खुर्चीने माझी कंबर वाचवली," असं येईल त्याला सांगायची. पुढे खारू मोठी झाली, तशी रविवारची सकाळ आमची ठरली. आई माझ्यात बसे, खारू खाली तिच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये, आणि केसांचा गुंता सोडवणं चाले. खारू किंचाळे, आई हसे, बाबा आतून ओरडत, "अगं, कुणाला मारताय का?" तास कसा जाई कळत नसे.

मग एका गिऱ्हाइकाने चष्मा विसरला.

खारूची आई चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर स्टुलावर बसून लोकांचे नंबर तपासायचे आणि काचा घासायच्या, हे तिचं काम. त्या दिवशी एक आजोबा नवा चष्मा काउंटरवरच ठेवून बसमध्ये चढले. आई चष्मा घेऊन बसमागे धावली. एक थांबा गेला, दुसरा गेला, तिसऱ्या थांब्यावर तिने बस गाठली. संध्याकाळी घरी येऊन ती माझ्यात कोसळली. चेहरा लालबुंद, केस पिंजारलेले, आणि हसू काही थांबेना.

"अहो, मी पंचेचाळीस वर्षांची बाई, आणि बस गाठली!"

"आजोबांना दिसलं का तरी, कोण धावतंय ते?" बाबा म्हणाले.

"कसं दिसणार? चष्मा माझ्या हातात होता ना!"

ती खूप हसली. मला वाटलं, माझ्यात बसल्यामुळे तिला इतकं बरं वाटतं आहे. किती वेडी होते मी!

आठवड्याभरात ते बूट घरात आले. निळे, पांढऱ्या नाड्यांचे. आणि मित्रांनो, माझे वाईट दिवस सुरू झाले.

खरं सांगायचं तर मला त्यांचा द्वेष वाटायचा. मी नऊ वर्षं त्या घराचा भार सोसला, पण कुणी कधी ओल्या फडक्याने माझे हात पुसले नाहीत. आणि हे कालचे बूट! त्यांना सावलीत वाळवायचं, ओले झाले तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, मऊ ब्रशने त्यांचे तळवे साफ करायचे. एकदा तर मी माझ्या कानांनी ऐकलं. आई नाड्या बांधता बांधता म्हणाली, "आज त्रास देऊ नका हं, राजांनो." राजांनो! माझ्या मात्र अंगावर इस्त्रीला जायचे कपडे, दप्तर, ओला टॉवेल. दोन वर्षं मी खुर्ची नव्हतेच, मी ढीग होते. शेवटची धुऊन निघाले ती कधी, मला आठवत नाही.

या दुःखात मला एकच सोबत होती, खारूची. रविवारी आई साडेपाचला पळायला जायची, दहाला यायची, घामाने निथळत, "पाचच मिनिटं हं, सोन्या," म्हणून जमिनीवरच आडवी व्हायची आणि झोपून जायची. खारू कंगवा घेऊन माझ्यात बसून राहायची. कपड्यांच्या ढिगावरच. तिच्या मनात काय चाललं आहे ते मला न सांगता कळायचं, कारण माझ्या मनातही तेच चाललेलं असायचं.

एका शनिवारी तिने ते बूट कपडे धुण्याच्या यंत्रामागे ढकलून दिले. सकाळी आईने अख्खं घर पालथं घातलं.

"खारू, माझे बूट पाहिलेस का गं?"

"मला काय माहीत? तू बोलतेस ना त्यांच्याशी. हाक मार, येतील."

बाबा उशीत तोंड खुपसून हसले. आई हसली नाही. तिने यंत्र ओढून बूट काढले, आणि गेली ती गेलीच.

शेवटी आईने नाव घातलेली ती मोठी शर्यत आली. साठ किलोमीटरची. एका तलावाभोवती वीस वीस किलोमीटरच्या तीन फेऱ्या, दहा तासांत पुऱ्या करायच्या. बाबांनी गाडीत पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, उकडलेले बटाटे ठेवले, आणि मला.

"ही खुर्ची कशाला?" आईने विचारलं.

"मग मला काय दहा तास उभं करतेस? पळणार तू, शिक्षा मला?"

"बसा तुम्ही खुशाल. पण मला तिच्यात बसू देऊ नका. बसले की संपलं. मी रडले, शिव्या दिल्या तरी उठवा."

मित्रांनो, माझ्या कापडातून कुणी सुरी फिरवली असती तरी चाललं असतं. जिच्या कमरेला मी नऊ वर्षं आधार दिला, ती मला अशी टाळत होती, जशी मी काही खड्डा आहे!

बरोबर सहाला शिट्टी झाली आणि दोन-अडीचशे माणसं धावत सुटली. मला झाडाखाली उभं केलं होतं, खारू माझ्यात, बाबा शेजारी गवतावर. पहिली फेरी संपवून आई आली तेव्हा ताजीतवानी होती. खारूने पुठ्ठ्याचा पंखा केला होता, तो हलवायला ती पुढे धावली. "नंतर गं, राणी!" म्हणत आईने केळं घेतलं आणि निघूनही गेली. माझ्याकडे तर तिने पाहिलंही नाही. खारूने पुठ्ठा दुमडून दातांत धरला आणि कुरतडायला लागली.

दुसरी फेरी संपायला दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं झाली. नियम असा होता, की साडेबाराच्या आत तिसऱ्या फेरीला निघायचं, नाहीतर छातीवरचा नंबर काढून द्यायचा. ऊन मी म्हणत होतं. आई वळणावरून आली ती चालत, एक पाय ओढत, ओठांवर मिठाचा पांढरा थर. बाबा पाणी घेऊन पुढे झाले. ती त्यांच्या बाजूने तशीच पुढे आली आणि माझ्यात बसली.

आहाहा! तिचं सगळं वजन, पूर्वीसारखं. मी तिला पोटाशी घट्ट धरलं. आता बघू कशी जातेस, मनात म्हटलं.

खारू तिच्या पायांशी बसली आणि पटापट नाड्या सोडायला लागली.

"अगं अगं, बूट काढू नकोस!" बाबा ओरडले, पण तोवर दोन्ही बूट निघाले होते. मोजेही निघाले. पाय बघता बघता पावासारखे फुगले. अंगठ्याचं नख काळंनिळं झालेलं.

"मी पाय चेपते," खारू म्हणाली. बूट तिने लांब सरकवून ठेवले. माझा आनंद तर कापडात मावेना.

"अहो, पुरे आता," आई म्हणाली. "चाळीस झाले, खूप झाले. खारू, घरी जाऊ. आज केस मी विंचरीन तुझे."

"खरंच?"

"खरंच."

वेळ लिहिणारे काका वही घेऊन आले. "बाई, बारा मिनिटं उरली. थांबणार असाल तर नंबर द्या."

बाबा तिच्यासमोर उकिडवे बसले. "तू म्हणाली होतीस, उठव म्हणून."

"आता म्हणते आहे, नका उठवू."

"मग कुठल्या बायकोचं ऐकू? सकाळच्या की दुपारच्या?"

नंबरच्या कागदाला चार पिना होत्या. तिने एक काढली, दुसरी काढली. तिसरीला मात्र सुजलेली बोटं चालेनात. "खारू, ही काढ गं जरा."

खारू माझ्या उजव्या हातावर रेलून उभी राहिली आणि पिनेला हात घातला. तेव्हा तिला आईचा चेहरा अगदी जवळून दिसला. आई रडत होती. आवाज नव्हता, हुंदका नव्हता, नुसतं पाणी मिठाच्या थरातून खाली वाहत होतं. खारूने आईला असं कधी पाहिलं नव्हतं. मीही नाही.

पीन तिच्या चिमटीत होती. ती उघडणं तिला अजिबात अवघड नव्हतं. आणि तिला काय हवं आहे हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? काढ, मी मनात म्हणत होते, काढ गं बाळा, काढून टाक.

"नाही निघत," खारू म्हणाली.

"नीट बघ."

"नाही निघत ना, आई! गंजली आहे. तू जाऊन ये, मग बाबा काढतील."

पीन नवी कोरी होती, उन्हात चमकत होती. आईने पिनेकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"बूट द्या," ती बाबांना म्हणाली.

पण बूट कुठले जायला! फुगलेला पाय निम्म्यावर अडला. बाबांनी ओढलं, आईने दात आवळले, काकांनी "सहा मिनिटं" म्हटलं. तेव्हा बाबांनी स्वतःचे बूट काढले. ढगळ, काळे, कामावर घालायचे. "हे घाल. दोन माणसं मावतील."

"अहो, शोभतं का हे?"

"मी अनवाणी शोभतो का? घाल."

बूट घालून ती उठायला लागली. माझ्या हातांवर जोर दिला आणि माझा डावा खटका सुटला. ती धप्पकन मागे आली. मित्रांनो, तो आपोआप सुटला की मी सोडला, हे मला आजही धड सांगता येत नाही. सांगायची लाजही वाटते. तेवढ्यात खारू गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी माझा खटका दाबून धरला. एवढीशी पोर, पण असं दाबलं की मला हलता येईना.

"आता ऊठ, आई! लवकर!"

ती उठली. माझ्यावरचं वजन गेलं आणि कापड वर आलं. फटॅक फटॅक करत ती वळणाआड दिसेनाशी झाली.

पुढचे साडेतीन तास त्या निळ्या बुटांनी आणि मी शेजारी शेजारी काढले. घरात कपाट त्यांचं, कोपरा माझा. इतक्या जवळ आम्ही कधी नव्हतो. खारूने एक बूट उचलून आत हात घातला आणि चटकन बाहेर काढला. आतला तळ फाटला होता, बोटांच्या जागी खळगे पडले होते आणि टोकाला रक्ताचा तपकिरी डाग होता. राजांनो! माझ्यावर ओले टॉवेल पडत होते तेव्हा या राजांचे हे हाल चालले होते. माझा मत्सर गेला, असं मी म्हणणार नाही. इतक्या वर्षांची सवय अशी एका दुपारी जात नाही. पण त्यांना हसावंसं मात्र वाटलं नाही. बाबा तापलेल्या मातीवर एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत होते. खारूने तिचा पुठ्ठा त्यांच्या पायांखाली सरकवला.

चारला आठ मिनिटं असताना वळणावरून फटॅक फटॅक आवाज आला. काका वही सोडून टाळ्या वाजवायला लागले. आईच्या गळ्यात पदक पडलं, पण तिने ते धड पाहिलंही नाही. ती सरळ माझ्याकडे आली आणि बसली, आणि खारू तिच्या मांडीवर चढली. दोघींचं वजन एकदम. माझे पाय मातीत बोटभर रुतले.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी असेल, कपड्यांखाली गाडलेली. तिचा खटका कधीतरी घट्ट करून घ्या, कापड धुऊन उन्हात घाला. तिच्यात बसलेलं माणूस उठायला लागलं, की तिला वाईट वाटतं. वाटू द्या. तिला नीट दाबून धरा, म्हणजे माणसाला उठता येईल. आणि परत आल्यावर ते तिच्यात बसलं, तर पाच मिनिटं त्याला हाका मारू नका.

खारूला मात्र पाच मिनिटं कुठली धीर धरवणार! आईची बोटं तिच्या केसांतला गुंता शोधत होती. खारूने मान मागे टाकून तिच्याकडे उलटं पाहिलं.

"आई, तिकडे पलीकडे, जिथून आम्ही दिसत नव्हतो ना, तिथे एकटी पळताना तुला माझी आठवण येत होती?"

आईची बोटं थांबली.

"खरं सांग हं, आई. येत होती?"